हरेल त्याने चहा करायचा

१७ नोव्हेंबर, सकाळी
आजचा दिवस ऐतिहासिक! पेपरातलं शब्दकोडं प्रतिभाच्या आधी सोडवलं. लग्नापासून आमच्याकडे एकाच पेपरच्या दोन कॉप्या येतात, एक तिची, एक माझी. हरेल त्याने चहा करायचा. अंबडच्या कंपनीत मोठमोठे साहेब माझ्या सहीसाठी थांबायचे, आणि घरी जन्मभर चहा मीच करतोय. ही बाई मेथी निवडता निवडता कोडं संपवते. आज तिचे बरेच शब्द राहिले. मी टाळ्या वाजवल्या. चहा तिने केला. साखर नव्हती. हरल्याचा राग, दुसरं काय!

१९ नोव्हेंबर
परत जिंकलो. रोज भिजवलेले बदाम खातोय, त्याचा परिणाम. संकल्प: एक तारखेपासून इंग्रजी कोडंही घ्यायचं. मोहिनीला पुण्याला फोन केला. म्हणाली, बाबा, आई बरी आहे ना? बापाचं जरा कौतुक करेल तर शपथ. पोरगी आईवर गेलीय.

२८ नोव्हेंबर
जिंकलो. प्रतिभाने चहा ठेवला आणि बाहेर येऊन बसली. पातेलं जळून कोळसा. पातेलं मीच घासलं. जिंकणाऱ्याने मन मोठं ठेवावं. इंग्रजी कोडं जानेवारीपासून.

६ डिसेंबर
माझी खात्रीच झाली, ही मुद्दाम हरतेय. आजचा शब्द: गोदावरीचा उगम, चार अक्षरी. हिने कोरा सोडला! त्र्यंबकला श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी केली तेव्हा माझे पाय सुजले होते, आणि ही आपली पुढे, मागे वळून हसत होती. तिला ब्रह्मगिरी येत नाही? म्हटलं, पुरे झाली नाटकं. तर रडायलाच लागली. म्हणाली, अहो, खरंच आठवत नाही हो. उगाच बोललो. दिवसभर जेवण गेलं नाही.

१४ डिसेंबर
चष्मा! हे आधीच सुचायला हवं होतं. गंगापूर रोडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हणाले, नंबर तोच आहे. वर एका मेंदूच्या डॉक्टरचं नाव लिहून दिलं. डोळ्यांच्या माणसाने डोळ्यांपुरतं बघावं ना! नवीन फ्रेम केली. छान दिसते तिला.

२ जानेवारी
शब्द: पोळीसाठी लागणारे साधन, तीन अक्षरी. प्रतिभा उठून आत गेली, लाटणं आणून माझ्यासमोर ठेवलं, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणजे उत्तर माहीत आहे, फक्त मला क्लू देतेय. मिश्कील आहे पहिल्यापासून.
लाटणं दुपारपर्यंत टेबलावरच होतं. मला उचलवेना.

१८ जानेवारी
मोहिनी आली आणि प्रतिभाला त्या मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही होतो. ते काय म्हणाले ते इथे लिहिणार नाही. कामाचं तेवढं घेतलं: रोजचा क्रम मोडू नका. झालं तर मग! प्लॅन तयार आहे. कोडं रोज, आणि आता मी मुद्दाम हरणार. जिंकली की उभारी येईल, उन्हाळ्यापर्यंत ठणठणीत. मोहिनी म्हणाली, बाबा, तसं नसतं ते. आणि गॅलरीत जाऊन रडली. तिला काय कळतंय.

२९ जानेवारी
हरणं वाटतं तेवढं सोपं नाही. सकाळभर पेन धरून नुसता बसलो. तीही बसली. तिने एका मंत्र्याच्या फोटोला मिशा काढल्या, सुरेख काढल्या. कोडी दोघांचीही कोरी. मॅच टाय. चहा कोणीच केला नाही.

९ फेब्रुवारी
नवी युक्ती. ती अंघोळीला गेली तेव्हा तिची कॉपी मीच भरून ठेवली. एकच शब्द सोडला: जन्मदात्री, दोन अक्षरी. पेन हातात दिलं. कितीतरी वेळ बघत होती. मग हळूहळू लिहिलं, आई. मी ओरडलो, जिंकलीस गं, जिंकलीस! हसली, अगदी फेरीतल्यासारखी. चहा करताना गाणं म्हटलं मी. ताबडतोब मोहिनीला फोन. बघ, म्हणालो होतो ना!

२१ फेब्रुवारी
दोन्ही पेपर टेबलावर ठेवून बसलो होतो. प्रतिभा बाहेर आली, पदर नीट केला, मला म्हणाली, बसा ना, केव्हा आलात? मी म्हटलं, आत्ताच. समोर बसली. म्हणाली, आमचे हे आत आहेत, चहा आणतील. कोड्यात हरलेत. रोजच हरतात बिचारे, पण मला ठाऊक आहे, थोडं मुद्दामच. माझ्या हाताला आराम म्हणून.
मी कधीच मुद्दाम हरलो नव्हतो. एकदाही नाही. जीव तोडून खेळायचो आणि हरायचो.
मग तिने आत हाक मारली, अहो, पाहुणे आलेत, दोन कप ठेवा. आतून कोणी बोललं नाही. परत हाक मारली. मग घाबरली, दाराकडे बघायला लागली.
मी उठून आत गेलो आणि आतून ओ दिली. गॅस पेटवताना रडू आवरेना. आलं घालून दोन कप ठेवले.