चाळीस चष्मे

प्रिय ताई,

जिंकले गं बाई, जिंकले! तू फोन उचलत नाहीस म्हणून हे कागदावर. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

झालं ते मीच केलं, मान्य. तुझ्या चष्म्याच्या दुकानाला वर्ष झालं म्हणून शिवणकारखान्यातल्या बायकांसाठी तू चाळीस मोफत चष्मे ठेवलेस. नाव नोंदवायची लिंक मला पाठवलीस ती फक्त उघडते का ते बघायला. आणि मी? चार हजार बायकांच्या माझ्या ‘फुकट ते पौष्टिक’ ग्रुपवर टाकून मोकळी! सात मिनिटांत सगळ्या जागा फस्त, आणि कारखान्यातली एकही बाई त्यात नाही. वर तुलाच ऐकवलं, लिंक उघडीच होती, ‘पुढे पाठवू नका’ असं कुठे लिहिलं होतंस? चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! आईने त्याच कारखान्यात काजं करता करता डोळे घालवले, हे तुझ्या लक्षात होतं. मला मात्र ग्रुपची वाहवा गोड लागली.

मग एकीने घरातले तीन चष्मे मांडून फोटो टाकला, चौथा फुकट येतोय म्हणून. खाली शंभर अंगठे. मेल्याहून मेल्यासारखं झालं गं मला.

लगेच ग्रुपवर लिहिलं, ही लिंक वाटायचा मला हक्कच नव्हता, जागा परत करा. काय काय ऐकलं म्हणून सांगू! दिलंसही तूच, मागतेसही तूच. दोनशे जणी तर ग्रुप सोडून गेल्या. जाऊ देत. मी एकेकीला फोन लावला. एकीने पाऊण तास सुनेची गाऱ्हाणी ऐकवली आणि मग जागा सोडली. तीन चष्मेवालीने तीन दिवस घोळवलं, शेवटी तिच्या नवऱ्यानेच तिला झापलं. शुक्रवारपर्यंत एकोणचाळीस जागा परत! जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाशी बसून मी स्वतः नवी नावं भरली. आता ग्रुपवर नियमच केलाय, ज्याची ऑफर त्याला विचारल्याशिवाय एकही लिंक टाकायची नाही.

एकोणचाळीसच का, असं विचारशील. चाळिसावी जागा सगळ्यांच्या आधी मीच घेतली होती, ह्यांच्या फोनवरून, ह्यांच्या नावाने. सोनेरी काडीचा चष्मा हवा होता. सगळ्यांना उपदेश करत होते तेव्हाही ती माझ्याकडेच होती. आज सकाळी सोडली. तोंडावर सांगायची हिंमत होईना, म्हणून हे पत्र. तिथे आता आईच्या शेजारच्या मशीनवरच्या काकूंचं नाव आहे. सुई ओवायला त्यांना रोज कुणाला तरी हाक मारावी लागते. रविवारी दहा वाजता चाळीस जणींना घेऊन येतेय. दुकान उघडं ठेव. मला शिव्या नंतर घाल, आधी काकूंचे डोळे तपास.

तुझीच,
आगाऊ धाकटी