पिकअपचे पाटे आणि जगतपुऱ्याची मूर्ती

२ एप्रिल १९८६, सकाळ

आजपासून रोजनिशी. विमा ऑफिसात आयुष्यभर फाइलींवर शेरे मारले, आता मुदतीआधी निवृत्त होऊन पिकअप घेतली आहे. सेकंडहँड, पण हाडापेराने मजबूत. जयपुरात दगड, फरशी, संगमरवर यांना तोटा नाही. धंदा पळणार.

शालिनी म्हणाली, ‘अहो, एखादा ड्रायव्हर ठेवा.’ गरज नाही. ऑफिसची जीप मी चालवलेली आहे. शहराबाहेर, झालान्यात. मोकळ्या मैदानात. एकदा.

४ एप्रिल, संध्याकाळ

पहिला माल : फरशी. गाडी मागून बसली, नाक आभाळाकडे. घरी येताना हेडलाइटचा उजेड रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर. शेजारचे वसंतराव (बँकेत मॅनेजर, न विचारता मत देण्याची सवय) फाटकात उभेच. म्हणाले, ‘काय, हॅलेचा धूमकेतू शोधताय का?’

गाडी आत घेतली.

माझं निदान : मागचं सस्पेन्शन कमजोर. शालिनीचं निदान : माल जास्त. ती शाळेत गणित शिकवते. तिला प्रत्येक गोष्टीत आधी वजाबाकी सुचते.

६ एप्रिल, रविवार

शामराव आणि कलावतीवहिनी आले. शामराव रेल्वेत गार्ड, मूळचे नागपूरचे. इथल्या आपल्या रेल्वेवाल्या बौद्ध मंडळींनी जगतपुऱ्याला छोटंसं विहार बांधलं आहे. आत मूर्ती मात्र नाही, नुसती तसबीर. कॉलनीतल्या बायकांनी तीन वर्षं परकर शिवले, पापड लाटले, तेव्हा कुठे मूर्तिकारांच्या वस्तीत, मूर्ती मोहल्ल्यात, पांढऱ्या संगमरवराची बुद्धमूर्ती घडवायला दिली. आता होत आली आहे. बसवायची २३ मेला, बुद्धपौर्णिमेला.

शामराव सहज म्हणाले की एका कंत्राटदाराचा ट्रक मिळतो आहे. मी म्हटलं, घरची गाडी असताना परक्याचा ट्रक? वहिनींनी विचारलं, ‘भाऊजी, नक्की ना? तिकडचा रस्ता लय खराब आहे.’

शब्द दिला. उमाकांतचा शब्द म्हणजे पॉलिसी.

शामरावांनी ट्रकवाल्याला ‘नको’ म्हणून कळवलं. उत्तम.

९ एप्रिल

लायब्ररीत दिवसभर. मोटारींचं जुनं अमेरिकन मासिक सापडलं. विषय एकदम सोपा आहे, लोक उगीच कॉलेजात जातात. मागच्या ॲक्सलवर पोलादी पाटे एकावर एक बांधलेले असतात, गाडीचं वजन त्यांच्यावर. तेव्हा एक तर पाटे वाढवा. किंवा वर हेल्पर बसवा, म्हणजे आखूड पाट्यांचा दुसरा जोड, जो भार पडला की मदतीला येतो. किंवा अमेरिकेसारख्या हवेच्या पिशव्या.

हवा फुकट असते. निर्णय झाला.

१३ एप्रिल

ट्रान्सपोर्ट नगरात रामकिशोरजी मिस्त्री भेटले. फार गुणी माणूस. कशालाच नाही म्हणत नाहीत. अमेरिकन पिशव्यांचं चित्र दाखवलं, म्हणाले, ‘हो जाएगा साब.’ पिशव्या इथे मिळत नाहीत म्हटल्यावरही म्हणाले, ‘फिर भी हो जाएगा.’ ट्रॅक्टरची जुनी ट्यूब चेसिस आणि ॲक्सलच्या मध्ये घुसवली, हवा भरली. गाडी तरंगायला लागली.

पेटंट घ्यावं का?

१५ एप्रिल

सांगानेरी दरवाजाजवळ ट्यूब फुटली. वेळ वरातीची. बँडवाले थांबले, नवरदेवाची घोडी मात्र थांबली नाही. नवरदेव तिच्यावरच होता. बऱ्याच अंतरावर पकडला. मुलीकडच्यांनी मला मुलाकडचा समजून आणि मुलाकडच्यांनी मुलीकडचा समजून सुनावलं.

आमची मधुमती तिथेच मैत्रिणींबरोबर कुल्फी खात होती. घरी आल्यावर म्हणाली, ‘बाबा, मतलब, हे तुम्हीच होतात ना?’ या पोरीचं मराठी बिघडत चाललंय. तिच्याशी रोज अर्धा तास शुद्ध मराठीत बोलायचं. उद्यापासून.

ट्यूबबद्दल : चूक जयपूरच्या उन्हाची. अमेरिका थंड.

१९ एप्रिल

पाटेच. पोलाद ते पोलाद. दोन्ही बाजूंना जास्तीचे पाटे घातले. रामकिशोरजींनी विचारलं, ‘साब, हेल्पर भी?’ एवढ्या प्रेमाने विचारलं की नाही म्हणवेना. हेल्परही बसवला. वाढीव पाटे ॲक्सलला आवळायला लांब यू-बोल्ट मागवावे लागले. शेजारच्या गॅरेजांतली माणसं पाहायला जमली.

गाडी आता मागून इतकी उंच की बॉनेट खाली वाकलेलं. मधुमतीने विचारलं, ‘ही नमस्कार करतेय का?’ (अर्धा तास अजून सुरू झालेला नाही.)

२१ एप्रिल

रिकाम्या गाडीची ट्रायल. वसंतराव स्वतःहून मागे बसले. खड्डा आला की हौदा त्यांना वर फेकायचा आणि ते खाली येईपर्यंत पुढचा खड्डा आलेला असायचा. दोनदा ‘उमाकांत!’ अशी हाक आली, दोन वेगवेगळ्या उंचींवरून. आता कंबर धरून घरी झोपलेत. त्यांच्या मिसेस अलकावहिनी आमच्याशी बोलत नाहीत.

चूक वजनाची. हे पाटे वसंतरावांसारख्या किरकोळ लोकांसाठी नाहीतच. खरा भार टाकला की लोण्यासारखे चालतील.

२ मे

धंदा तूर्त बंद ठेवला आहे. इंजिनिअरिंग आधी, पोट नंतर. शालिनी म्हणाली, ‘पोट माझ्या पगारावर आहे म्हणून हे सुचतंय.’ तिने असंही विचारलं की मूर्तीखाली गाद्या घालून गाडी हळू नेता येणार नाही का. तिला समजावून सांगितलं की तो उपाय फार सोपा आहे.

७ मे

आज फायनल ट्रायल. मूर्तिकाराने साधारण मूर्तीच्याच वजनाची, वाया गेलेली संगमरवराची शिळा दिली. कलावतीवहिनी म्हणाल्या, ‘मी येते सोबत.’ पुढे माझ्याशेजारी बसल्या, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून.

मूर्ती मोहल्ल्यापासून शहराबाहेर पडेपर्यंत गाडी राजासारखी. एवढा भार, पण मागून सूतभर खाली नाही. वहिनींना म्हटलं, बघा! जगतपुऱ्याचं रेल्वे फाटक आलं. रूळ ओलांडताना मागे धाड्‌कन आवाज. उतरून पाहिलं. शिळेचे दोन तुकडे.

मी आधी गाडीखाली वाकून पाटे तपासले. वहिनी म्हणाल्या, ‘पाटे नाही न मोडले, भाऊजी?’

मी अभिमानाने म्हटलं, ‘एकही नाही!’

‘मग दगडच मोडला,’ त्या म्हणाल्या.

 घराशी उतरताना एवढंच म्हणाल्या, ‘तीन वर्षं मी रोज ड्यूटीसारखी मशिनवर बसली, भाऊजी.’

जेवण गेलं नाही. शिळेत मुळातच चीर असावी.

१० मे

चीर नव्हती. मूर्तिकाराकडे जाऊन विचारलं.

पाटे जरा जास्त कडक झाले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. हे इथेच लिहितो, बाहेर बोलण्यात अर्थ नाही. उद्या सगळे काढून टाकायचे, गाडी पूर्वीसारखी करायची.

११ मे

रामकिशोरजींच्या दुकानाला कुलूप. उद्या आखातीज, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, लग्नांचा मुहूर्त. भाचीचं लग्न, टोंककडच्या गावी गेलेत. शेजारच्याने सांगितलं की ते लग्नाला गेले की घरचं सगळं आटोपूनच येतात. दुसऱ्या मिस्त्र्याने गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि हात जोडले. लांब यू-बोल्ट उन्हात तापून-तापून असे बसलेत की कापावे लागतील, म्हणाला.

१४ मे

नवी कल्पना. हौद्यात वाळूची पोती टाकली की पाटे दबून नरम होतात. टाकली. खरंच नरम झाले! आता त्यावर मूर्ती ठेवली की झालं. शालिनीने पाटीवर बेरीज करून दाखवली. एवढ्या भाराला टायर टिकणार नाहीत.

या वेळी बेरीज. बाई बदलते आहे.

१६ मे

कंत्राटदाराकडे गेलो, गुपचूप. ट्रक मिळेल का विचारलं. म्हणाला, तुम्हीच नको म्हणालात ना; आता आखातीजेनंतर सगळी वाहनं लग्नांच्या सामानात अडकली आहेत, महिनाअखेरपर्यंत काही नाही. आणखी चार ठिकाणी हिंडलो. तेच.

शामरावांना सांगायला हवं. उद्या सांगतो.

१८ मे

शामराव येऊन गेले. आनंदात होते. नागपूरहून त्यांचे भाऊ येणार, भंतेजी येणार. विचारलं, ‘गाडी तयार होऊन राहिली न?’ मी ‘हो’ म्हटलं. ते चहा पूर्ण पिऊन गेले. मी कपाकडे बघत बसलो.

शालिनी आतून सगळं ऐकत होती.  साडी बदलली, रिक्षा बोलावली आणि एकटी रेल्वे कॉलनीत गेली.

१८ मे, रात्री

शालिनीने वहिनींना सगळं सांगितलं. वहिनी रागावल्या नाहीत म्हणे. म्हणाल्या, ‘मला फाटकापाशीच समजलं होतं. पण भाऊजींच्या तोंडून यायची वाट पाहून राहिली होती.’

हे ऐकण्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ मे, बुद्धपौर्णिमा

मूर्ती वहिनींनी ठरवलेल्या उंटगाडीवरून आली. खाली गवताचा थर, वर कॉलनीतल्या प्रत्येक घरातली एक एक गादी. बाजूने बायका पांढऱ्या साड्यांत चालत होत्या, वहिनी सगळ्यांत पुढे. मीही चाललो. रेल्वे फाटक आलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उंटाला फाटकाचं काही वाटलं नाही.

मूर्ती चौथऱ्यावर बसवल्यावर वहिनींनी पदराने तिच्या गुडघ्यावरची धूळ पुसली आणि तिथेच हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. नंतर म्हणाल्या, ‘या भाऊजी, तुम्हीही फूल वाहा.’ वाहिलं. डोळ्यांत धूळ गेली होती, रस्ता खराब आहे तिकडचा.

पिकअप कालच सतरंज्या घालून विहारापाशी आणून ठेवली होती, तीसुद्धा कामाला आली. भाषणांना स्टेज नव्हतं. शामराव म्हणाले, तुमच्या गाडीचा हौदा उंच आहे. पुढच्या चाकांखाली विटा घालून सपाट केली, वर सतरंजी, माईक. भंतेजी, नागपूरचे भाऊ, कमिटीतले झाडून सगळे एकदम वर चढले. पाटे सूतभर दबले नाहीत. कोणाच्याही भाषणात याचा उल्लेख आला नाही. उंटवाल्याचा मात्र हार घालून सत्कार झाला.

कार्यक्रम संपल्यावर मंडपवाला गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला. खाली वाकून पाटे पाहिले. माझी छाती भरून आली. लग्नांच्या स्टेजसाठी भाड्याने द्याल का, असं विचारत होता. मग विटांकडे बघत म्हणाला, ‘साब, वैसे ये चलती भी है?’