बुटकं टेबल

दि. ३ फेब्रुवारी

चि. बटणास अ. उ. आ.

तुझ्या धाकाने मानेचा एक्स-रे काढला. मणके झिजलेत. मान वळत नाही, त्यामुळे कुणी हाक मारली की मी सगळाच्या सगळा वळतो. गिऱ्हाइकं हसतात, त्याचं काही नाही. पण उजव्या हाताला मुंग्या येतात आणि कात्री खडूची रेघ सोडते, हे जिव्हारी लागलंय. कालच एका कोटाचं कापड वाया गेलं. असंच चाललं तर दुकानाला कुलूप लावावं लागेल, आणि मग शिंप्याने काय माश्या मारायच्या?

डॉक्टरांनी फिजिओथेरपीला धाडलंय. तिथल्या बाई कोरडी सुई टोचतात म्हणे. आत औषध नाही, मागे दोरा नाही, मग ती सुई करते तरी काय? उभा जन्म सुयांत गेला, पण हे कोडं सुटेना.

माया असू दे, रागे भरणं आवर.

बाबा

दि. ९ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

ओठांत टाचण्या धरून जगाशी गप्पा मारणारे तुम्ही, आणि केसाएवढ्या सुईला घाबरता? निमूट जा, आणि काय काय होतं ते सविस्तर कळवा. मलाही आता राहवत नाहीये. बाईंना तुमचा काम करतानाचा एक फोटोही दाखवा, तुम्ही कसे वाकता ते त्यांना कळू दे.

लोभ आहे तेवढा पुरे, पत्रं मात्र वाढवा.

तुमचं बटण

दि. २७ फेब्रुवारी

चि. बटणास अ. उ. आ.

टोचून आलो! बाईंनी अंगठ्याने चाचपून खांद्यात एक गाठ शोधली आणि तिच्यात सुई घातली. घातलेली कळलीच नाही. मग स्नायू माझी परवानगी न विचारता टुणकन उडाला, आणि कळ उठली कुठे, तर कानामागे! हे कसं, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, गाठ एकीकडे असते आणि दुखणं भलतीकडे जाणवतं. सुईने ती सैल पडते. दोन दिवस खांदा ठणकला, मग मान चक्क वळायला लागली. झिजलेला मणका सुईने भरून येत नाही, म्हणून व्यायामही आहेत. हनुवटी मागे ओढायची. आरशात मी रुसलेल्या कासवासारखा दिसतो.

शेजारच्या घड्याळजीने काढलेला फोटो पाहून बाईंनी विचारलं, कापड बेतायचं टेबल एवढं बुटकं का? त्यावर दिवसभर वाकलात तर सोडवलेल्या गाठी पुन्हा बसतील, असंही बजावलं. ते पहिल्यापासून तसंच आहे, असं सांगून मी वेळ मारून नेली.

काळजी करू नकोस, केलीस तर बेतानं कर.

बाबा

दि. ५ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

बाईंना चक्क थाप मारलीत! लहानपणी स्टुलावरून पडून मी कपाळ फोडून घेतलं, तेव्हा तुम्ही करवतीने टेबलाचे चारही पाय कापलेत, मला जमिनीवर उभं राहून खडूच्या रेघा मारता याव्यात म्हणून. मी तुमच्या खांद्याला लागले, शिकले, नोकरीसाठी इकडे आले; टेबल मात्र तेवढंच राहिलं. का हो? रागावत नाहीये, खरंच जाणून घ्यायचंय.

महिनाअखेरच्या रविवारी येतेय. सुताराकडून चार ठोकळे करून घेते. किती उंचीचे हवेत ते कळवा.

तुमचं लांब गेलेलं बटण

दि. ११ मार्च

चि. बटणास अ. उ. आ.

विचारलंस म्हणून सांगतो. तू गेलीस तेव्हा टेबल उंच करायला घेतलं होतं. पण तुझी उंची मोडली की तू घरातून पुरती गेलीस, असं वाटलं. मान दुखली तर दुखली, म्हटलं, आणि राहू दिलं.

ठोकळे करू नकोस. पायांचे कापलेले तुकडे मी जपून ठेवलेत, कोणता कुठल्या पायाचा याच्या खडूच्या खुणांसकट. तू आलीस की दोघं मिळून बसवू.

बाईंनी आणखी एकदा टोचलं. मुंग्या कमी आहेत, काल कात्रीने रेघ सोडली नाही. त्या रविवारी दारातच उभा असेन. तू कोपऱ्यावरून हाक मारलीस की आता नुसती मान वळवेन.

वाट बघणारे,
बाबा