नात्याचा रकाना

॥ येडेश्वरी आईची कृपा ॥

येरमाळ्याजवळची वस्ती
दि. ३ जून २०२५

चि. देवश्रीस,
काकूचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

त्या दिवशी सकाळी मी धार काढून दूध डेअरीला पाठवलं होतं, ओसरी धुतली होती आणि अंगणात तुरी वाळत घालत होते, तेवढ्यात ती पाहणीवाली बाई आली. तू विचारलंस म्हणून आठवून लिहिते. दोन वर्षांमागचा जानेवारी होता, अंगावर शाल होती तिच्या. हातात पाटीएवढं यंत्र. भाऊजींनी खुर्ची दिली आणि मला चहा टाकायला सांगितला. तू तेव्हा कळंबला कॉलेजात गेलेली, तुझा भाऊ रुद्रेश झोपलेला. बाईनं पहिलाच प्रश्न विचारला, एका चुलीवर किती माणसं जेवता. मी चुलीपाशीच होते म्हणून ऐकू आलं. मग भाऊजींनी मला म्हशीला वैरण टाकायला पिटाळलं, पुढचं मला माहीत नाही. दोन तास बसली होती. ती मनात राहिली, कारण या घरात किती माणसं जेवतात हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि स्वयंपाक तर मीच करते.

आता तू म्हणतेस की त्या पाहणीचे आकडे सरकारनं सगळ्यांसाठी खुले केलेत, तू त्यावरच प्रबंध लिहितेस आणि त्यात तुला आपलं घर सापडलं. मला हसू आलं. लाखभर घरांत आपलं घर ओळखलंस, आणि दिवाळीत देवळाबाहेर स्वतःची चप्पल ओळखता आली नाही तुला.

तुला ठाऊक आहे, १ जुलैला कळंबला जायचंय. तुझ्या काकांच्या वाट्याचं शेत हक्कसोडपत्र करून भाऊजींच्या नावावर करायचं, ते विकून तुला लंडनला शिकवायचं. माझी ना नाही. काका जाऊन एकोणीस वर्षं झाली, मूलबाळ नाही, शेत कुणासाठी ठेवू. भाऊजी म्हणाले, "तू घरचीच हायस, घरच्याला कागद कशाला?" खरंच आहे. पण तेव्हापासून एक मनात येतंय. सरकारच्या आकड्यात मला कसं लिहिलंय, तेवढं बघून कळव. म्हणजे सही करताना हात हलका राहील.

घरच्या फोनवर बोललं की सगळं घर ऐकतं. येरमाळ्याच्या स्टँडवर हर्षाली ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते, पत्र तिच्या पत्त्यावर टाक. तू पहिलीत असताना तुझ्याच पाटीवर मी अक्षरं गिरवली, तेव्हा माझ्या अक्षराला हसायचा तुला हक्क नाही.

वेळेवर जेव. काकूची आठवण ठेव.
तुझी,
वनमालाकाकू

पुणे
दि. ९ जून २०२५

ती. काकूस,
देवश्रीचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र होस्टेलच्या मुलींना वाचून दाखवलं. त्यांना वाटतं मी शंभर वर्षांमागच्या घरातून आले.

तुम्ही विचारलंत ते सांगते. या आकड्यांत कुणाचंच नाव नसतं, गावही नसतं. फक्त जिल्हा आणि महिना. घरातल्या प्रत्येक माणसाची एक ओळ असते, त्यात रकाने: वय, शिक्षण, काम, घरप्रमुखाशी नातं. प्रत्येक गोष्टीला आकडा. घरप्रमुख एक, त्याची बायको दोन, असं. मी धाराशिव जिल्हा घेतला, ग्रामीण भाग, जानेवारी, सहा माणसं, शहात्तर वर्षांची आई, कॉलेजात जाणारी मुलगी, असं चाळत गेले तर एकच घर उरलं. पप्पांनी वय चार वर्षं कमी सांगितलंय आणि मम्मीचं सहा. रुद्रेश म्हणे 'स्वतःची शेती करतो'. हसू नका, पाहणीवाल्या बाईला तो झोपलेला कुठं दिसला असणार.

तुमच्या ओळीत नात्याचा आकडा आठ आहे. आठ म्हणजे भावजय, इतर नातेवाईक. आणि शिक्षणात 'शाळेत न जाता साक्षर'. त्यासाठी सरकारनं वेगळा आकडाच ठेवलाय, बहुतेक तुमच्याचसाठी. झालं समाधान? हे सगळं कुणालाही फुकट बघता येतं, अगदी तुमच्या हर्षालीच्या दुकानातही, इतकं ते उघडं असतं.

१ जुलै विसरू नका. लंडनची फी भरायची मुदत दहा जुलै आहे. आजीला औषध आठवणीनं द्या, ती मम्मीचं ऐकत नाही.

लोभ आहेच, तो तसाच राहू द्या.
तुमची,
देवश्री

येरमाळ्याजवळची वस्ती
दि. १९ जून २०२५

चि. देवश्रीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. 'शाळेत न जाता साक्षर' हे तर तोंडपाठ झालं. भाकरी थापतानाही तेच मनात. भाऊजी एवढं लक्षात ठेवून सांगतील असं मला वाटलं नव्हतं. मनात आलं की तो आकडा आपल्या डोळ्यांनी बघावा. जाऊबाईंना देवदर्शनाला जाते म्हणाले आणि हर्षालीच्या दुकानात जाऊन बसले. तिला तुझं पत्र दाखवलं. ती म्हणाली, मावशी, असलं मी कधी उघडलं नाही, पण बघू.

अर्धा दिवस गेला. आधी उघडेना, उघडलं तर नुसत्या मुंग्यांसारखे आकडे. मग तू लिहिलं होतंस तसं तिनं चाळायला घेतलं. जिल्हा, महिना, सहा माणसं. शेवटी एक घर उरलं. भाऊजींच्या वयाला आम्ही दोघी हसलो. सहावी ओळ माझी. स्त्री, विधवा, वय एक्केचाळीस. आकडे मला कुणी वाचून दाखवावे लागत नाहीत. नात्याच्या रकान्यात नऊ होता. शिक्षणाच्या रकान्यात एक.

मला वाटलं, हर्षालीनं चुकीचं घर काढलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून चाळलं, तेच घर आलं. मग आकड्यांचे अर्थ दिलेला कागद उघडला. तो इंग्रजीत आहे, तिनं मराठीत सांगितला. नऊ म्हणजे नोकर, मजूर, नात्यात नसलेले. एक म्हणजे निरक्षर. आठही होता त्या कागदावर, पण आपल्या घरात कुणालाच दिलेला नाही. हर्षाली उठून चहा आणायला गेली, मी मागितला नव्हता.

भाऊजींनी त्या सकाळी काय सांगितलं ते मला कळलं. तू काय बघितलंस ते कळत नाही. तुझ्याकडं हीच ओळ होती ना? एवढंच लिही.

आजीचं औषध चालू आहे. म्हैस परवा व्यायली, पारडी आहे.
तुझी,
काकू

पुणे
दि. २५ जून २०२५

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

हो, हीच ओळ होती. मी खोटं लिहिलं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. दुकानात जाऊन बघाल असं मला वाटलं नाही.

पप्पांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, तुमचं रेशनकार्ड वेगळं काढलेलं आहे, तुम्हाला निराधारची पेन्शन लागली आहे, ती बाई तेच तपासायला आली असं त्यांना वाटलं. भावजय आहे, एकत्र राहते असं सांगितलं असतं तर एका घरात दोन कार्डं निघाली असती. म्हणून कामाला आहे म्हणाले. आपल्याकडं घरोघर असंच सांगतात, तुम्हालाही माहीत आहे.

आणि काकू, एका ओळीनं काही होत नाही. लाखो ओळींची सरासरी काढतो आम्ही, एक ओळ चुकली तर ती हलतही नाही. माझ्या प्रबंधात तर तुमची ओळ नाहीच. माहिती चुकीची आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मी ती वगळली. चुकीच्या ओळी वगळायच्याच असतात.

आता खरं बोलते, राग मानू नका. बाईनं विचारलं असेल, ही दिवसभर काय करते. पप्पांनी जे दिसतं ते सांगितलं. शेत ठेवून तुम्ही काय करणार? सही केली नाहीत तर राहणार कुठं? पप्पांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मी मध्ये पडणार नाही. माझं वर्ष तुमच्या एका सहीवर आहे. तुम्ही मला अंगाखांद्यावर वाढवलंत, ते एका आकड्यासाठी मातीत घालू नका.

मनात काही ठेवू नका, पूर्वीसारख्याच राहा.
देवश्री

येरमाळा
दि. १ जुलै २०२५

चि. देवश्रीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. खरं लिहिलंस ते बरं केलंस.

रेशनचं कारण मला पटलं. भीतीपोटी माणूस काहीही सांगतं. पण त्या भीतीनं त्यांना असंही सांगता आलं असतं की ती मागच्या खोलीत राहते, वेगळं शिजवून खाते. बाईनं मला या घरात धरलंच नसतं, पेन्शनही राहिली असती. तसं नाही सांगितलं. आणि निरक्षर सांगायला तर रेशनचं कारणही नव्हतं. रोज संध्याकाळी त्यांच्या आईला पोथी मी वाचून दाखवते, ते तिथंच जेवत असतात.

तुझ्यावर माझा राग असा नाही. त्यांनी मला नोकर लिहिलं, पण माणसांत तरी धरलं. तू वगळलंस.

आज सकाळी जीपमधून कळंबला गेलो. मी काही बोलले नव्हते, त्यामुळं जाऊबाईंनी वाटेत पेढे घेतले. कचेरीत साहेबांनी विचारलं, राजीखुशीनं देताय का. मी म्हणाले, आधी कागद वाचू द्या. भाऊजी साहेबांकडं बघून हसले आणि म्हणाले, "तिला कुठं वाचता येतंय साहेब, अंगठा घ्या." साहेबांनी शाईची डबी पुढं सरकवली. मी कागद उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागले. सावकाश वाचते मी, तुला माहीत आहे. 'कोणत्याही दबावाशिवाय' इथपर्यंत आले, कागद टेबलावर ठेवला आणि सही करणार नाही म्हणाले.

भाऊजी जीप घेऊन निघून गेले. मी एसटीनं आले. तोवर माझी पेटी पायरीवर काढून ठेवली होती, वर अंथरूण. जाऊबाई दार ओढून आत बसल्या होत्या. तुझी आजी ओसरीवर होती. मी पाया पडायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले. "जा, जिथं वाचाय शिकलीस तिथं जा," म्हणाली. मी तिथंच तर उभी होते. आजीच्या गोळ्या खिडकीत ठेवल्या आहेत, पांढरी सकाळी आणि पिवळी जेवणानंतर, हे तुझ्या आईला फोन करून सांग. माझ्याशी जाऊबाई बोलत नाहीत.

हर्षालीनं दुकानामागची खोली दिली आहे. पत्ता तोच, बदलायला नको.

तुझं वर्ष जाईल, ते मला कळतं. तुझी पहिली फी, पहिलं दप्तर, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आहे. वर्ष गेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, शेत मात्र त्यात धरू नकोस. काकूची आठवण ठेव असं लिहायची, आज तुझ्यावर सोडते.

वनमाला कृष्णराज

ता. क. काल हे पत्र टाकायचं राहिलं. आज तहसीलला जाऊन शेताच्या वाटणीचा अर्ज दिला, आणि आता पत्र पेटीत टाकते.