प्रेमचा ताप

प्रिय दामिनी,

अनेक आशीर्वाद. कापसाचा दुसरा वेचा आटोपला, तुझे बाबा बरे आहेत. पण हे पत्र प्रेमबद्दल आहे. फोनवर मला बोलणं जमलं नसतं.

तुझा भाऊ दर शनिवारी सेवाग्रामला नाचायला जातो. दवाखान्यात रुग्णांकडून व्यायाम करून घेणाऱ्या आकांक्षाताईंनी एक मंडळ काढलंय. त्यात व्हीलचेअरवरचा अनुप आहे, ऐकू न येणाऱ्या दोन मुली आहेत, नर्सिंग शिकणारी धडधाकट पोरंही आहेत. सगळे मिळून नाच बसवतात. प्रेम जन्मला तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, हा हळूहळू शिकेल. चोवीस वर्षांचा झाला, शर्टाची बटणं अजून मीच लावते. हा काय नाचणार, असं म्हणत मी बाहेर पायरीवर बसून राहायची.

गेल्या महिन्यात पहिला कार्यक्रम झाला. अनुपची खुर्ची फिरवून प्रेमनं पुढे यायचं होतं. तो आला आणि सारं विसरला. गाणं चालू, सभागृह भरलेलं, हा नुसता उभा. त्याला आत ओढून न्यायला मी उठले. इतकी वर्षं तेच तर करत आले. आकांक्षाताईंनी माझा हात धरला.

"बसा काकू. थांबू द्या त्याले."

अनुप खुर्ची वळवून त्याच्याजवळ आला आणि हात पुढे करून थांबला. बाकीचेही थांबले. मग प्रेमनं खिशातून रुमाल काढला, टोक दातात धरलं आणि वरातीतला नाच सुरू केला. अनुपनं त्याच तालावर खुर्ची गरगर फिरवली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला मात्र मान वर करवेना. तो नाच मी ओळखला होता.

तुझ्या लग्नाआधी महिनाभर तो आरशासमोर हाच नाच करत होता. लग्नाच्या दिवशी त्याला ताप आला म्हणून जाम गावी मामाकडे ठेवलं, असं मी तुला सांगितलं. तू मंडपातून दोनदा त्याची चौकशी केलीस. दामिनी, ताप नव्हता. तुझ्या सासरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून पहाटे मीच त्याला नेऊन सोडलं. नवा शर्ट घालून तो दिवसभर मामाच्या दारात बसून होता.

तुझ्या सासूबाईंनी त्याला अजून पाहिलेलं नाही. तूही कधी विषय काढला नाहीस. त्यात तुझा दोष नाही, लपवणं तू माझ्याकडूनच शिकलीस. येत्या रविवारी हिंगणघाटला मंडळाचा पुढचा कार्यक्रम आहे. मी प्रेमची माफी मागितली. त्याला किती समजलं, ठाऊक नाही. त्यानं एवढंच विचारलं, "ताई येते का?" त्याचं उत्तर तूच देऊ शकतेस, म्हणून तुला लिहिलं.

तुझीच,
आई