अस्वलासोबतचा फोटो

नाना, काल आम्ही सगळे पुन्हा त्या प्राण्यांच्या पार्कमध्ये गेलो होतो. खालापूरच्या अलीकडे, मगरीच्या उघड्या जबड्याचं फाटक असलेलं, तेच. मगरीचे दात नव्यानं रंगवलेत. सोंडेची घसरगुंडी असलेला सिमेंटचा हत्ती जागेवरच आहे, फक्त इतक्या वर्षांत पोरांनी घासून घासून त्याच्या सोंडेची लादी आरशासारखी केली आहे. आईनं तर कमालच केली. सत्तरी ओलांडलेली बाई कासवांच्या आगगाडीत बसली आणि उतरेचना. धाकटा म्हणाला, "आई, बस झालं, चक्कर येईल." तर म्हणते, "कासवाच्या चालीनं कुणाला चक्कर येते रं?" तीन फेऱ्या मारल्या तिनं, नातवंडांना बाजूला बसवून. ते बघून मला तुम्हाला हे लिहावंसं वाटलं. खरं तर लिहायचं वीस वर्षांपासून राहून गेलंय.

मी कॉलेजच्या सुट्टीत तिथं कामाला लागले तेव्हा घरी सांगितलं होतं की तिकीट खिडकीवर आहे. पहिला आठवडा ते खरंही होतं. मग अस्वलाचं सोंग घेणारा माणूस गावी गेला तो परत आलाच नाही, आणि साहेबांनी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून उंची बघितली. तो केसाळ पोशाख साडेपाच फुटांच्या माणसासाठी शिवलेला होता आणि तेवढी उंची माझ्याशिवाय कुणाचीच नव्हती. उंची तुमची, नाना, तेव्हा थोडा दोष तुमच्याकडेही जातो. आत डेटॉलचा आणि आधीच्या माणसाच्या घामाचा वास यायचा, डोक्याचं वजन मानेवर यायचं, आणि बाहेरचं जग अस्वलाच्या तोंडात बसवलेल्या जाळीतून दिसायचं. पहिल्या दिवशी मी रडायच्या बेतात होते. दुसऱ्या दिवशी पोरं माझ्यामागे रांग लावून चालायला लागली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की सकाळपासून शेकडो माणसांनी हातात हात दिला, लेकरं मांडीवर ठेवली, आणि एकानंही आडनाव विचारलं नाही. अस्वलाला आडनाव नसतं. त्या दिवशी मी आतल्या आत मोठमोठ्यानं गात होते.

चौथ्या दिवशी रात्री जेवताना मी नुसता खडा टाकून बघितला. आई भाकऱ्या थापत होती, तुम्ही पाटावर बसला होतात. मी म्हटलं, "नाना, तिथं अस्वलाचं सोंग घ्यायला माणूस शोधतायत." तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. आपल्या घरात चामड्याची एकही वस्तू नव्हती. तुमच्या पायात कॅनव्हासचे बूट, कमरेला कापडी पट्टा, पाकीट रेक्झिनचं. तुम्ही शिकवायचात त्या शाळेत नवे मास्तर आले की विचारायचे, आणि तुम्ही हसून विषय बदलायचात. पण आम्हाला कारण पाठ होतं, कारण दर जयंतीला तुम्ही ते सांगायचात: दीक्षा घेतल्यावर आजोबांनी गावातलं मेलेलं ढोर ओढायला नकार दिला, बैल दोन दिवस तसाच पडून राहिला, आणि तिसऱ्या दिवशी ज्याचा होता त्यानं तो स्वतः ओढला. त्या रात्री तुम्ही एवढंच म्हणालात, "माझ्या बापानं जनावराचं कातडं खांद्यावरनं उतरवलं. ते ह्या घरात कुणी परत पांघरायचं नाय. गंमत म्हणून पण नाय." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून जेवले आणि सकाळी पुन्हा जाऊन ते पांघरलं.

मला उत्तर तेव्हाही येत होतं, नाना, फक्त तुमच्यासमोर देता येत नव्हतं. आजोबांना ते कातडं जन्मानं मिळालं होतं, आणि ते उतरवायला त्यांना अख्ख्या गावाशी भांडावं लागलं. माझं मी सकाळी दहाला चढवत होते आणि संध्याकाळी सहाला खुंटीला टांगून घरी येत होते. एवढाच फरक, पण केवढा मोठा. तरीही तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मला मारलं नसतंत, ओरडला नसतात, नुसते गप्प झाला असतात, आणि मी ते काम सोडलं असतं. आणि मला ते सोडायचं नव्हतं.

मे महिन्यात एका रविवारी कामावरच्या लोकांच्या घरच्यांना फुकट पास मिळाले. मी ते घरी आणणारच नव्हते, पण साहेबांनी हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर वाटले आणि आपल्या गल्लीतल्या एकीनं पासांचं आत्याला सांगितलं, नशीब अस्वलाचं नाही. मग काय, आत्याच ती. कशेळ्याहून जीप ठरवली, पुऱ्या तळल्या, धाकट्याला नवा शर्ट घातला. खिडकीवरच्या मैत्रिणीला मी पढवून ठेवलं होतं. तिनं तुम्हाला सांगितलं, "ती साहेबांबरोबर खोपोलीला गेलीय, यायला संध्याकाळ होईल." तुमचा चेहरा पडलेला मी पंधरा पावलांवरून बघितला, जाळीतून.

तो दिवस मला अजून समोर दिसतो. तुम्ही हत्तीच्या सावलीतल्या बाकावर बसला आहात, पांढरा शर्ट, गुडघ्यांवर हात, वर्ग सुटायची वाट बघणाऱ्या मास्तरासारखे. आत्या मला न्याहाळते आहे. "अगं बाई, ह्या अस्वलाची चाल बघ. मुरकतंय कसं!" आई माझ्या शेजारून जाते, तिचा पदर घसरलेला आहे, आणि मी सवयीनं तो तिच्या खांद्यावर सारखा करते. मग पुढे जाते. तेवढ्यात चार-पाच टारगट पोरांचं टोळकं येतं, त्यातला एक मागून माझं शेपूट ओढतो, दुसरा ढकलतो, आणि मी उताणी आपटते. त्या पोशाखात पडलं की उठता येत नाही, उलट्या झुरळासारखं हातपाय हलवत राहावं लागतं. पोरं खिदळतायत. आणि मग तुमचा आवाज येतो, शाळेतला, शुद्ध: "उभे राहा सरळ! हात मागे!" पोरं खरोखरच हात मागे घेऊन उभी राहतात. आणि पुढचं वाक्य मात्र शाळेतलं नाही, घरातलं. "आत माणूस हाय, दिसत नाय तुमाला?"

आत माणूस हाय. तुम्ही म्हणालात ते, नाना. मी नाही.

तुम्ही मला काखेत हात घालून उभं केलंत आणि हत्तीच्या मागल्या पायाआड नेलंत. आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून माझ्या पंजात दिलीत. "डोकं काढ आन् पाणी पी." मी मान हलवली. पोरांसमोर डोकं काढायचं नाही हा नियम होता, आणि माझी तर वेगळीच अडचण. तुम्हाला पहिलीच तेवढी कळली. "बरं, मी पाठ करतो. पी तू," म्हणालात, आणि खरंच वळलात. दोन्ही हात पसरून उभे राहिलात, कुणी पोर डोकावू नये म्हणून. मी डोकं काढलं. माझे केस घामानं कपाळाला चिकटलेले, तुमची पाठ हातभर अंतरावर, शर्टावर घामाचा ओला नकाशा. बाटलीतलं पाणी मी सगळं संपवलं. 'नाना' म्हणायला एक श्वास पुरला असता. मी तो घेतला, आणि डोकं परत चढवलं.

तुमच्या खांद्यावर थाप मारल्यावर तुम्ही वळलात. "किती वेळ घालून ठेवतात हे?" मी दोन्ही पंजे उघडून दाखवले. त्या पोशाखाच्या पंजाला चारच बोटं होती, त्यामुळे ते बरोबर आठ झाले. "बापाला ठाव हाय का?" मी मान हलवली, नाही. तुम्ही थोडा वेळ अस्वलाच्या तोंडाकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "सांग त्याला. रागवंल. पण सांग."

त्यानंतर जे झालं त्याला जबाबदार मी. भोंग्यावर कोळीगीत लागलं होतं. तुम्ही निरोपाचा हात पुढे केलात आणि मी तो सोडलाच नाही. जयंतीच्या मिरवणुकीत सगळा मोहल्ला नाचायचा आणि तुम्ही कडेला शिट्टी घेऊन रांग सरळ करत चालायचात, तो माणूस मी ओढत ओढत मैदानाच्या मधोमध आणला. "अरे, सोड, सोड," तुम्ही म्हणत होतात. आत्या केकाटली, "नाच रं दादा! एवढी वर्षं पोरांना नाचवलंस, आता अस्वल नाचवतंय तुला!" आणि नाना, तुम्ही नाचलात. आधी उजवा पाय, मग डावा, मग दोन्ही हात वर. तालाशी तुमच्या पायांचा काही संबंध नव्हता, पण तुम्ही थांबला नाहीत. आई हसून हसून खाली बसली. धाकटा टाळ्या वाजवत होता. मी आयुष्यात नंतर बरंच काही कमावलं, चार लोकांनी उभं राहून टाळ्याही वाजवल्या, पण जिंकल्यासारखं तेव्हा वाटलं तसं पुन्हा नाही.

मग पार्कच्या फोटोवाल्यानं तुमचा सगळ्यांचा फोटो काढला. मधे अस्वल, एका बाजूला तुम्ही, दुसरीकडे आई, आत्या आणि पुढे धाकटा. तुम्ही तो काचेत बसवून घेतलात आणि आलेल्या प्रत्येकाला दाखवलात. शेवटी दर वेळी एकच वाक्य: "सगळी हायेत. थोरली तेवढी नाय." मी तिथंच उभी असायचे, चहाचा ट्रे घेऊन. ते म्हणताना तुम्ही फोटोकडे बघायचात की माझ्याकडे, ते आठवायचा मी तुम्ही गेल्यापासून फार प्रयत्न करते.

काल पार्कमध्ये नवीन अस्वल होतं, नवीन फोटोवालाही. आम्ही सगळे उभे राहिलो. आईनं डोकी मोजली आणि म्हणाली, "आता कुणी ऱ्हायलं नाय ना?" मी म्हटलं, "तेव्हाही कुणी राहिलं नव्हतं, आई." धाकटा माझ्याकडे बघत राहिला. आई मात्र फोटोवाल्याकडेच बघत होती. "मला ठाव हाय," म्हणाली. "कुठलं अस्वल बाईचा पदर सारखा करतं गं?" तेव्हा मला उमगलं की त्या रविवारनंतर माझ्या डब्यासोबत रोज मीठ घातलेल्या कोकम सरबताची बाटली का यायला लागली होती. मी इतकी वर्षं समजत होते, उन्हाळा म्हणून. "मग नानांना सांगितलं नाहीस?" "मी कशाला? त्यांनी तुला सांगायला सांगितलं ना? हत्तीच्या पल्याडच उभी होते मी, ऐकलं." "त्यांना कळलं होतं का?" "मला काय बोलले नाय." एवढं बोलून ती पुन्हा कासवांकडे निघाली. चौथ्या फेरीसाठी.

तर 'सांग' म्हणाला होतात, सांगितलं. रागवा खुशाल. हे कागद फोटोच्या चौकटीमागे ठेवायचे होते, पण मागची पट्टी इतकी जुनी झालीय की काढायला गेलं तर काच फुटेल. त्यामुळे माझ्या टेबलाच्या खणातच राहतील.

आणि एक राहिलं. त्या संध्याकाळी मी लंगडत घरी आले, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. तिकीट खिडकीच्या पायरीला ठेच लागली म्हटलं. तुम्ही मला ओट्यावर बसवून स्वतः हळद गरम करून लावलीत, आणि 'पायरी बघून चालावं' म्हणून बजावलंत. पायरी नव्हती, नाना. तुमचा कॅनव्हासचा बूट होता. नाचताना.