चौथ्या पायरीखालची सूचना

तीर्थरूप मावशीस,

भाचीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि काकांचं नव्या कवळीशी जमलं का, ते कळव. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायचं असतं म्हणून लिहिते. खरं तर महिनाभर अन्न गोड लागत नाही.

तू मागे विचारलं होतंस, की ऑफिसातून आल्यावर मी परत कॉम्प्युटरपुढे बसून काय करते. तर एक फ्रेमवर्क आहे, म्हणजे तयार सांगाडा. त्यावर कुणी दुकानाचं काम उभं करतं, कुणी दवाखान्याचं, कुणी वाचनालयाचं. ओपन सोर्स आहे, म्हणजे फुकट आणि सगळ्यांचं (म्हणजे केर काढायची पाळी कुणाचीच नाही). ते वापरायचं कसं हे सांगणारी पानं इतकी भयंकर होती की मी एकदा चिडून तक्रार केली. ज्याने हा सांगाडा उभा केला त्याला आम्ही मौनी म्हणतो, कारण तो एका वेळी एकच शब्द लिहितो. त्याने लिहिलं, 'सुधारा.' झालं, तेव्हापासून मी सुधारते आहे. पहिल्या महिन्यात मी एक स्वल्पविराम काढला. त्यावर अकरा जणांनी मतं मांडली, दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं आणि स्वल्पविराम परत आला. तरी मी हटले नाही. (तिथेच हटायला हवं होतं.)

मग मी जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर कसं यायचं, याचं पान लिहिलं. सहा पायऱ्या, सुटसुटीत वाक्यं, दोन चित्रं. स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की छापून फ्रीजवर लावलं. चौथ्या पायरीला एक कमांड, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायचा हुकूम, होती आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत सूचना: वरची कमांड देण्याआधी सगळ्याची एक प्रत काढून ठेवा. आता मला सांग मावशी, माणसं वाचतात कशी? वरून खाली! हे एवढं शिकलेल्या मला सुचू नये?

एका लहानशा वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी ते पान समोर ठेवलं आणि ओळ न ओळ पाळलं. इंटरनेटवरच्या आमच्या मदतीच्या फलकावर त्यांची हाक आली तेव्हा मीच फोन केला. त्या रडत नव्हत्या, हे जास्त वाईट. 'ताई, सांगितलं तसंच केलं हो मी,' त्या म्हणाल्या. 'चौथं झालं, आणि पाचवं करायला काही उरलंच नाही.' दोन हजार तीनशे पुस्तकांची यादी, नऊ वर्षं एकटीने भरलेली, गेली. वाचनालयाची समिती नको म्हणत असताना बाईंनी हट्टाने कॉम्प्युटर आणवला होता, आणि समितीची बैठक तीन आठवड्यांवर.

तीन दिवस खटपट करून मी चारशे नोंदी परत मिळवल्या. उरलेल्या एका जुन्या, हाताने लिहिलेल्या वहीत होत्या. बाई तिच्या पानांचे फोटो पाठवायच्या, मी टाइप करायची. (वही लिहिणाऱ्याच्या अक्षरात सात आणि एक हे आकडे जुळे भाऊ होते.) बैठकीच्या आदल्या दिवशी यादी पुरी झाली, बैठक पार पडली, समितीला पत्ता लागला नाही. पानावरची सूचना मी कमांडच्या वर नेली. तशी ती नेणं योग्य का, यावर अकरा जणांची चर्चा चालू आहे. माझ्याच्याने आता हे होत नाही. मी मौनीला 'सोडते' असं एका शब्दात कळवणार आहे.

काकांना नमस्कार.

तुझीच,
भाची

ता. क. : मौनीला कळवलं, त्याचं उत्तर आलं. 'बरं.' मग दहा मिनिटांनी, 'पाचवं पान?' मी ते लिहायला घेतलंय. मला बोलू नकोस.

आणखी एक : त्या पानांखाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं. त्यामुळे ग्रंथपालबाईंना मी कुणी देवासारखी धावून आलेली बाई वाटते. दर दोन दिवसांनी आभार मानतात. काल म्हणाल्या, 'ज्याने ते पान लिहिलं ना ताई, तो सापडला तर मला सांगा, दोन शब्द बोलायचेत.' मी म्हटलं, शोधते.

शेवटचं, आणि पत्र खरं यासाठीच : सोबत एक बंद पाकीट आहे. त्यात त्यांना सगळं खरं लिहिलंय. ईमेल तीनदा लिहून तीनदा पुसली, पाकीट घेऊन टपालपेटीपर्यंत दोनदा जाऊन परत आले. पत्ता घातलाय, तिकीट लावलंय. तेवढं तू टाक. मी फोन करून 'टाकू नकोस' म्हणेन, तेव्हा 'टाकलं' म्हण.